आत उघडणारे फाटक

माझी सारी नोकरी लष्कराच्या अभियंता दलात झाली. पूल बांधणे आणि तारेची कुंपणे उभी करणे हे आमचे काम. वाळवंटात, बर्फात, नदीच्या पात्रात मी कुंपणे उभारली. त्यांपैकी एकाही कुंपणाच्या आत माझे स्वतःचे घर नव्हते. आम्ही राहिलो ते छावणीच्या क्वार्टरात, जेथे भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी अर्ज करावा लागे आणि बदलीच्या वेळी तो खिळा काढून भोक बुजवून द्यावे लागे. मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झालो तेव्हा पत्नीने एकच मागणी केली. ज्या घरातून कोणी बदली करू शकणार नाही, असे घर.

ते मी हरियाणात, मानेसरच्या पलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी बांधले. साताऱ्याकडे परतलो नाही. गावची जमीन भावांकडे होती, आणि मुलगा गुरुग्राममध्ये नोकरीस होता. तो तेथे एका उंच इमारतीत राहतो. तेथे लिफ्टने वर जावे लागते, आणि वर गेल्यावर खाली येण्याचे विशेष कारण उरत नाही. आमच्या वसाहतीत त्या वेळी निम्मे प्लॉट रिकामे होते. मागे टेकडी, पुढे अरुंद रस्ता, दूरवर कारखान्यांच्या बसगाड्यांचा आवाज. दिवाणखान्यास अंगणाच्या बाजूने जमिनीपासून छतापर्यंत काचेचे दार असावे, हा मुलाचा आग्रह होता. "बाबा, व्ह्यू आहे तर घ्या ना," असे तो म्हणाला. मी भिंत सुचवली होती. भिंत मायलेकांनी नाकारली.

टेकडीवर नीलगाई होत्या. विदर्भातले आमचे जवान या जनावरास रोही म्हणत. उंची घोड्याची, तोंड हरिणाचे, आणि नाव गायीचे. या शेवटच्या गोष्टीमुळे उत्तरेत त्यास कोणी काही करीत नाही. कायद्याने ते वन्यप्राणी म्हणून संरक्षित आहे, परंतु कायद्यापेक्षा नावाचे संरक्षण अधिक मजबूत आहे, असे माझे निरीक्षण आहे.

शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. रोहतककडच्या आहेत, बोलणे रोखठोक. सकाळची पहिली पोळी गायीस देण्याचा त्यांचा आयुष्यभराचा नेम. वसाहतीच्या समितीने मोकाट गायींना बंदी केली, तेव्हा नेम अडचणीत आला. बाईंनी विचार केला आणि पोळी नीलगाईस देण्यास प्रारंभ केला. दोन्ही घरांच्या मागे एक दगड होता, त्यावर त्या गूळ लावलेली पोळी ठेवीत. टेकडीवरून जनावरे उतरत, आमच्या मागच्या अंगणातून जात, जाता जाता आमची मेथी खात, आणि मग दगडापाशी पोचत. पुण्य त्यांना मिळे, मेथी आमची जाई.

मी तक्रार केली.

"फौजी साहब," त्या म्हणाल्या, "गऊ है. दो पत्ते खा लिए तो के हो गया?"

"मेथी खातो तो नर आहे, बहनजी."

"तो के हुआ? गऊ का जाया तो है."

गायीच्या पोटचा म्हणजे गायच. मी परत येऊन उरलेली मेथी मोजली.

एका सकाळी पत्नी वाळलेल्या चादरी काढीत होती. तिने दोरीवरची चादर ओढली आणि चादरीमागे त्या नराचे तोंड होते. चादरीइतकेच अंतर दोघांत होते. तो हलला नाही. ती मागे सरली, पायरीवरून घसरली, आणि उजवे मनगट मोडले.

प्लास्टर घालून आम्ही घरी आलो. दारापाशी गाडीतून उतरल्यावर ती म्हणाली,

"अहो, मी सांगून ठेवते. ते जनावर पुन्हा माझ्या अंगणात दिसलं, तर मी पोराकडे जाणार. कायमची. तुम्हाला राहायचं तर राहा."

चाळीस वर्षांच्या संसारात तिने दिलेल्या धमक्या मोजक्या आहेत, आणि प्रत्येक तिने पाळलेली आहे. घर कोणासाठी बांधले होते हे मला ठाऊक होते. ती गेल्यावर ते मला नको होते. याहून अधिक या विषयावर लिहिण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा दोन उपाय झाले. एक मुलाने केला, एक मी.

मुलाने घराचा विमा उतरवला. फोनवर, जेवता जेवता. वरण संपण्यापूर्वी पॉलिसी आली. मी कंपनीच्या चौकशी क्रमांकावर फोन करून खात्री केली. पलीकडच्या बाईंनी सांगितले की वाहनाची किंवा जनावराची धडक बसून घराचे नुकसान झाल्यास भरपाई मिळेल, मात्र ते जनावर विमाधारकाचे अथवा त्याने पाळलेले नसावे. भाजीचा वाफा विम्यात येत नाही. पत्नी पडल्यास, असे मी विचारले. पत्नी या पॉलिसीत येत नाही, पत्नीसाठी वेगळी पॉलिसी आहे, आणि सध्या तिच्यावर सवलत आहे, असे त्यांनी उत्साहाने सांगितले. थोडक्यात, ज्या दोन गोष्टींचे नुकसान झाले होते त्या सोडून बाकी सर्व सुरक्षित झाले.

माझा उपाय कुंपणाचा होता. एका गृहस्थांनी तारेत वीज सोडण्याचा सल्ला दिला. तो बेकायदा आहे आणि मूर्खपणाचाही आहे. मी लोखंडी अँगल आणले, काँक्रीटमध्ये पक्के केले, डोक्याहून उंच जाळी ताणली, वर काटेरी तारेच्या ओळी दिल्या. कोपऱ्यांना तिरके आधार. कोठेही हाताने रेटून पाहावे, तार एका सुरात वाजे. पत्नी डाव्या हाताने चहा घेऊन येई आणि काम पाहत उभी राही.

"भक्कम झालंय," ती म्हणाली.

"भक्कमच असते."

"बॉर्डरवर असंच असायचं का?"

"तिकडे याहून साधे."

राहिले पुढचे फाटक. तेथून अंगण घराच्या कडेने सरळ मागे जाते. रस्ता अरुंद असल्याने फाटक बाहेर उघडू नये, असा समितीचा नियम होता. म्हणून ते आत उघडणारे केले. माणसे फाटक उघडे टाकून जातात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. म्हणून त्यास मजबूत स्प्रिंग लावली. ढकलावे, आत यावे, फाटक आपोआप मिटते. हे काम झाल्यावर मी त्याकडे समाधानाने पाहिल्याचे मला आठवते.

परिणाम तत्काळ दिसला. मागचे अंगण बंद झाले. मेथी वाढू लागली. पत्नीचे प्लास्टर निघाले आणि ती पुन्हा एकटी बाहेर जाऊ लागली. मुलाकडे जाण्याचा विषय निघेनासा झाला.

परंतु मुख्याध्यापिकाबाईंचा नेम अडला. दगडाकडे येणारी वाट माझ्या अंगणातून होती, आणि ती आता तारेआड गेली होती. नेम मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि जनावरेही हुशार. ती टेकडीला वळसा घालून पुढच्या रस्त्याने येऊ लागली. बाईंच्या दारात त्यांची गाडी उभी असे. म्हणून त्यांनी पोळी माझ्या फाटकाशेजारच्या मोरीच्या फरशीवर ठेवण्यास सुरुवात केली. तेथे सावली असते, असे त्यांनी मला नंतर सांगितले. त्या वेळी सांगितले नाही. मी सकाळी फिरावयास जात असे. जाताना दूधवाल्यासाठी फाटकाची कडी काढून ठेवीत असे. माझ्या परतण्यापूर्वी पोळी संपलेली असे.

पुढे काय झाले हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. माझ्या आले नव्हते.

त्या दिवशी परतलो तेव्हा मुख्याध्यापिकाबाई रस्त्यात हात वर करून उभ्या होत्या.

"फौजी साहब! थारे घर में बड़ गई!"

फाटक मिटलेले होते. आत अंगणात तो नर होता. पोळी खाऊन त्यास मेथीचा वास आला असावा. त्याने डोक्याने फाटक ढकलले. फाटक आत उघडले, तो आत गेला, आणि माझी स्प्रिंग चोख असल्याने ते त्याच्या मागे मिटले. जनावर ढकलू शकते. ओढू शकत नाही. तो फाटकाशी येऊन रेटत होता आणि जितके रेटावे तितके फाटक चौकटीस घट्ट बसत होते. मग तो वळून कुंपणाकडे धावला. कुंपणाने जे करावयास हवे होते ते केले. त्याने एकदा छातीने धडक दिली. जाळी वाकली आणि त्यास परत फेकून पुन्हा सरळ झाली. एकही अँगल हलला नाही. पुढच्या पायावर रक्त दिसले.

पत्नी स्वयंपाकघरात होती. तिने खिडकीतून पाहिले होते, कारण मला तिचा चेहरा तेथे दिसला. तिने आरडाओरड केली नाही. बाहेर मात्र ती पुष्कळ चालू होती.

"पटाखा बजाओ!" कोणी म्हणाले.

"ना जी, पानी डालो!"

"अरे, केले दिखाओ, केले!"

मी वनविभागास फोन लावला. तेथील गृहस्थांनी प्रथम जिल्हा विचारला, नंतर जनावराची प्रजाती, आणि नंतर ते जखमी आहे की निरोगी. जखमी असल्यास वेगळे पथक, निरोगी असल्यास वेगळे. अद्याप ठरलेले नाही, असे मी सांगितले.

याच वेळी त्या नराने काचेच्या दाराकडे पाहिले. सकाळचे ऊन समोरून होते आणि काचेत मागची सारी टेकडी दिसत होती, झाडे, खडक, आभाळ. घराच्या मधोमध त्याचे घर उघडे होते. तो थेट तिकडे धावला.

काचेचा आवाज सर्वांनी ऐकला. तो दिवाणखान्यात होता, आणि दिवाणखाना व स्वयंपाकघर यांच्यात एक प्लायवूडचे दार.

मी फाटकातून आत शिरलो. कोपऱ्यात कुदळीचा दांडा होता, तो घेतला. दिवाणखान्याच्या दिशेने चार पावले गेलो असेन. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पत्नीचा आवाज आला. मोठा नव्हता.

"अहो, थांबा. तो दांडा खाली ठेवा."

"तू दार घट्ट धर."

"मी धरलंय. तुम्ही फाटक उघडा."

"उघडले तर ते रस्त्यावर जाईल."

"मग जाऊ दे की. रस्त्यावरूनच आलंय ना? फाटक उघडा आणि त्या लोकांना आपापल्या घरात घालवा. सगळ्यांना. बहनजींना पण. एक जण बोलता कामा नये."

हुकूम ऐकण्याची मला सवय आहे. घरात ऐकण्याची कमी होती. मी लोकांना आपापल्या घरी पाठवले. मुख्याध्यापिकाबाई गेटाआडून "जय गऊ माता" म्हणाल्या, त्यांनाही गप्प केले. मग फाटक उघडले. येथे अडचण आली. स्प्रिंग ते उघडे राहू देईना. दगड लावला, दगड सरकला. शेवटी मीच फाटकाच्या मागे, भिंतीशी पाठ लावून, दोन्ही हातांनी ते ओढून धरून उभा राहिलो.

बराच वेळ काही झाले नाही. आत कोठेतरी काचेचा तुकडा पडला. त्याचा श्वास ऐकू येत होता, लोहाराच्या भात्यासारखा. मग तो फुटलेल्या दारातून बाहेर आला. अंगणाच्या मध्यावर थांबला. डोळ्यांची पांढरी कड दिसत होती आणि अंग थरथरत होते. मग चालत, धावत नाही, चालत, माझ्या समोरून फाटकाबाहेर गेला. मी ताठ उभा होतो. लग्नसमारंभात हॉटेलच्या दारावरचा दरवान जसा उभा असतो तसा. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

मी फाटक सोडले. ते आपोआप मिटले.

पत्नी दार उघडून बाहेर आली. काचा ओलांडीत अंगणापर्यंत आली आणि कुंपणाजवळ गेली. जाळीवर त्याच्या छातीचे केस आणि थोडे रक्त लागले होते. ते तिने पाहिले. आता ती बॅग भरेल, हे मी धरून चाललो होतो. जनावर अंगणात दिसले होते. दिवाणखान्यातही दिसले होते.

"चहा टाकते," ती म्हणाली. "चपला घाला, काचा आहेत."

दोन दिवसांनी कंपनीचा नुकसान पाहणारा सर्वेक्षक आला. पन्नाशीचा, दमेकरी, मेरठकडचा. काच, फाटलेला सोफा, पडलेले कपाट, सर्वांची छायाचित्रे घेतली. मग खुर्चीत बसला आणि पत्नीने दिलेले ताक प्याला.

"जानवर अंदर कैसे आया?"

"फाटकातून."

"फाटक खुला था?"

"बंद होते. कडी नव्हती. त्याने ढकलले."

"तो ढकेल के निकल भी जाता."

"फाटक आत उघडते."

तो उठला, फाटकापर्यंत गेला, ढकलून पाहिले, आत येऊन स्प्रिंग मिटताना पाहिली, आणि परत आला.

"यह इंतज़ाम किसका है?"

"माझे."

"अच्छा," तो म्हणाला, आणि सभ्य माणूस असल्याने पुढे काही विचारले नाही. मग कागद पाहून म्हणाला, "एक औपचारिक सवाल है. जानवर आपका तो नहीं?"

"नाही. सरकारचे."

"तो समझिए, सरकारी गाड़ी ने टक्कर मारी."

याच क्षणी मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्यांना जबाब द्यावयाचा होता. कोणी मागितला नव्हता.

"लिखो भाई, लिखो," त्या म्हणाल्या. "मैं इसे रोज अपने हाथ की रोटी खिलाऊँ हूँ. इसी गेट पे. म्हारा तो बालक है वो."

सर्वेक्षकाचे पेन थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे.

"माताजी," तो खोकून म्हणाला, "बालक किसका है, यह बात आप घर में ही रखिए. नहीं तो काँच आपके खाते में जाएगी."

बाई लगेच म्हणाल्या, "ना ना, मैं तो पहचानती भी ना उसने." आणि गेल्या.

जाण्यापूर्वी सर्वेक्षक माझे कुंपण पाहून आला. त्याने अँगल हलवून पाहिले, तार वाजवून पाहिली. "फैक्टरियों में ऐसी बाड़ नहीं देखी," असे तो म्हणाला आणि त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे घेतली. दावा मंजूर झाला. काच, सोफा, कपाट, सर्व. सोबत एक पत्र होते. सर्वेक्षकाच्या अहवालात माझ्या कुंपणाची स्तुती होती, आणि तिचा परिणाम म्हणून पुढील वर्षी विमा चालू ठेवण्यास अट घातली होती. सदर कुंपण आहे त्या स्थितीत कायम राखावे.

मुलगा रविवारी आला. नवी काच पाहिली, पत्र वाचले.

"बाबा, पुरे झालं आता. आईला घेऊन जातो. हे विकून टाकू, चांगली किंमत येतेय."

मी पत्नीकडे पाहिले. निर्णय तिचा होता. तसे ठरले होते.

"मी कुठे येणार नाही," ती म्हणाली.

"अगं आई, तूच म्हणाली होतीस ना, परत दिसलं तर—"

"म्हणाले होते. तेव्हा ते माझ्यासमोर मोकळं उभं होतं. आता कोंडलेलं पाहिलंय." मग माझ्याकडे वळून, "अहो, ह्या तारा काढा."

"काढल्या तर ते पुन्हा येईल."

"येईल आणि जाईल. आधी ते येत होतं आणि जात होतं. जायची वाट तुम्ही बंद केलीत. माझ्या घरात पुन्हा कोणी असं कोंडलेलं नको. तारा राहिल्या तर मात्र मी खरंच जाते."

"मम्मी, दिस इज नॉट लॉजिकल," मुलगा म्हणाला. रागावला की तो इंग्रजीवर जातो.

"तू जेव," ती म्हणाली.

परिस्थिती अशी होती. कुंपण काढले तर विमा जाणार. कुंपण ठेवले तर पत्नी जाणार. मुलाने रात्रीपर्यंत मधले मार्ग सुचवले, अर्धे कुंपण, दिसायला कुंपण, कॅमेरा. लष्करात असे पुष्कळ मधले मार्ग मी पाहिले आहेत. ते नकाशावरच चांगले दिसतात.

सोमवारी सकाळी मी पक्कड घेतली आणि वरच्या काटेरी तारेपासून आरंभ केला. पत्नी तारेची वेटोळी गोळा करीत होती, जुने मोजे हातात चढवून. मुख्याध्यापिकाबाई गच्चीवरून पाहत होत्या.

"फौजी साहब! लगाया भी आपने, उतारा भी आपने. फौज में यो ही सिखावैं के?"

"जी. यही सिखाते हैं," मी म्हणालो.

जाळी निघण्यास आठवडा गेला. काँक्रीट इतके चांगले होते की अँगल मला मुळापासून कापावे लागले. फाटकाची स्प्रिंगही काढली. बाईंची पोळी पुन्हा मागच्या दगडावर गेली. काचेच्या दारास पत्नीने बाहेरून जुन्या साड्यांचा पडदा लावला, म्हणजे काचेत टेकडी दिसू नये. मुलाचा व्ह्यू गेला.

तो नर काही आठवड्यांनी दिसला. पुढच्या पायाने किंचित लंगडत होता. मेथी खाल्ली. पत्नी व्हरांड्यात गव्हातले खडे निवडीत बसली होती. तिने बसल्या जागेवरून "हाड, हाड" केले. त्याने लक्ष दिले नाही. तिनेही दुसऱ्यांदा केले नाही. मी दारात उभा होतो. ती उठून आत येते का, हे मी पाहत होतो. ती आली नाही. खाऊन झाल्यावर तो टेकडीकडे गेला.

वर्ष संपताना विमा कंपनीच्या बाईंचा फोन आला. मुदत वाढवण्यासाठी कुंपणाचे ताजे छायाचित्र पाठवावे.

"कुंपण नाही," मी हिंदीत सांगितले.

"सर, फाईल में तो है."

"फाईलमध्ये आहे. जागेवर नाही."

"दुबारा लगवाएँगे, सर?"

"नाही."

पलीकडे टंकलेखनाचा आवाज आला. मग पढवलेल्या नम्रतेने त्या बाईंनी सांगितले की अशा परिस्थितीत कंपनी जबाबदारी घेऊ शकत नाही. मी आभार मानले आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" पत्नीने विचारले.

"विमा कंपनी."

"काय म्हणतात?"

"आपल्या घराची जबाबदारी घेत नाहीत म्हणतात."

"बरं," ती म्हणाली, आणि मेथीची जुडी घेऊन निवडायला बसली. अर्धी खाल्लेली होती. उरलेल्या अर्ध्या मेथीची भाजी आम्हा दोघांस पुरली.